खेळाडूचं आयुष्य बास्केटबॉलच्या बुटात कसं उतरवायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. मी तो नीट समजून घेतलाय ना, हे तुम्हालाही तपासता येईल.

तुम्ही फुटवेअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रकल्प म्हणून कॉलेजच्या बास्केटबॉल संघात गार्डच्या जागेवर खेळणाऱ्या एका मुलीसाठी बूट करताय. वडील रात्रपाळी संपवून तिला थेट पहाटेच्या सरावाला घेऊन जायचे. मग ते वारले. पुढच्याच मोसमात तिच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल (गुडघ्याच्या आतला एक अस्थिबंध) फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभराने ती पुन्हा कोर्टवर उतरली. हे सगळं तुम्ही बुटावर आणलंत. टाचेवर वडिलांच्या गाडीचा नंबर, बुटाच्या जिभेवर, म्हणजे नाड्यांखालच्या पट्टीवर, शस्त्रक्रियेची तारीख, तळावर तिच्या गावाचा नकाशा, आतल्या गादीवर आईचं वाक्य, बाजूला वाघिणीचं तोंड आणि एकूण सात रंग. परीक्षक म्हणाले, हा बूट नाही, चिकटवही आहे. आता यातलं काय ठेवू आणि काय काढू, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. तुमचं वर्णन वाचताना मला जाणवलं ते असं, की या सगळ्या खुणा पुसल्या तर खाली कुणाचाही बूट उरतो. मध्यम उंचीची कॉलर (घोट्याभोवतीची कड), नेहमीचा हेरिंगबोन, म्हणजे नागमोडी कडांचा तळ, नेहमीच्या नाड्या. तिचे वडील, तिचा गुडघा, वर्षभर बाकावर बसणं, यांतल्या कशानेही बुटाचा एकसुद्धा निर्णय बदललेला नाही. सगळं आयुष्य वरून लावलंय. खुणा दोनच ठेवल्या असत्यात, तरी दोन पानांची चिकटवहीच झाली असती.

बूट डिझाइन करताना आमच्याकडे पहिला नमुना कायम एकाच करड्या रंगात येतो. त्यावर नाव, अक्षर, लोगो काहीही नसतं. तो समोर ठेवून मी स्वतःला विचारतो, हा याच खेळाडूचा का? ज्या दिवशी त्या करड्या बुटाकडे बोट दाखवून ‘हे इथे असं आहे, कारण तो असा वाढला’ एवढं एक वाक्य म्हणता येतं, त्या दिवशी गोष्ट बुटात आली असं मी धरतो. रंग आणि अक्षरं त्यानंतर.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तयार मॉडेलचा फक्त नवा कलरवे, म्हणजे नवी रंगसंगती, करायची असेल, तर रचनेला हात लावता येत नाही. तिथे गोष्ट रंगानेच सांगावी लागते, आणि ती उत्तम सांगता येते. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या केविन ड्युरंटची ‘आँट’ पर्ल फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. तिच्या आठवणीत २०१२ साली केडी ४ हा त्याच्या नावाचा बूट गुलाबी रंगात आला, आणि पुढच्या मॉडेलांतही ‘आँट पर्ल’ नावाने गुलाबी बूट येत राहिले. एक माणूस, एक रंग. कुणाला काही वाचून दाखवावं लागत नाही. याउलट तुम्ही फक्त त्या खेळाडूसाठी एकच जोडी करत असाल तर तुम्हाला बरीच मोकळीक आहे, दोन पायांचे बूट वेगळे केलेत तरी चालेल. आणि हजारो लोक विकत घेतील असा बूट असेल, तर घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती गोष्ट ठाऊकच नसणार. बूट त्यांच्याही पायात चांगला वाटला पाहिजे. तुमचा प्रकल्प या तिन्हींपैकी कोणता, हे पहिल्या पानावर लिहा. परीक्षकांचा निम्मा गोंधळ त्यानेच कमी होईल.

आता मूळ मुद्दा. आयुष्य बुटाची रचना बदलतं म्हणजे काय, याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात स्वच्छ उदाहरण एनबीएतल्याच कोबी ब्रायंटचं. त्याचे वडील इटलीत व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचे, म्हणून कोबीचं बालपण तिथे गेलं आणि फुटबॉल त्याच्या अंगात भिनला. फुटबॉलपटू घोट्याच्या खाली संपणाऱ्या बुटात धावतात, वळतात, झटक्यात दिशा बदलतात. मग बास्केटबॉलच्या बुटाने घोटा का झाकायचा? हा त्याचा प्रश्न डिझायनर एरिक अव्हारने गांभीर्याने घेतला आणि २००८-०९ च्या मोसमात कोबी ४ घोट्याखालच्या उंचीचा आला. त्यावर इटलीचा नकाशा नव्हता, चेंडूचं चित्रही नव्हतं. लहानपण बुटाच्या उंचीत उतरलं होतं. त्यानंतर बास्केटबॉलमध्ये कमी उंचीचे बूट नेहमीचेच झाले.

त्याच माणसाची पुढची गोष्ट तुमच्या कामाची आहे, कारण तीही दुखापतीची आहे. एप्रिल २०१३ मध्ये कोबीच्या टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. त्यानंतरच्या कोबी ९ एलिटवर टाचेच्या मागे नऊ लाल टाके आहेत. तारीख नाही, मजकूर नाही. जिथे शस्त्रक्रिया झाली नेमक्या त्याच जागी शिवण आहे, आणि शिवण ही बुटाची स्वतःचीच भाषा आहे. ज्याला माहीत आहे त्याला ती बघताक्षणी कळते. ज्याला माहीत नाही त्याला ती एक सुंदर शिवण दिसते. तुमच्या जिभेवरच्या तारखेत आणि या टाक्यांत जो फरक आहे, तो मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा दाखवतो.

एनबीएतल्या यानिस आदेतोकुम्बोच्या नावाच्या पहिल्या बुटात, २०१९ च्या झूम फ्रीक १ मध्ये, खुणा आणि रचना हे दोन्ही थर एकत्र सापडतात. अथेन्समध्ये नायजेरियन आईवडिलांच्या घरी वाढलेला हा मुलगा भावांबरोबर रस्त्यावर वस्तू विकायचा, आणि त्याने व मोठ्या भावाने बुटांची एकच जोडी आळीपाळीने वापरली. बुटावर घरच्यांची नावं आहेत, हा झाला डोळ्यांचा थर. पण त्याच बुटात टाचेखाली हवेच्या गादीचे दोन थर आहेत, कारण तो प्रचंड लांब ढांगा टाकत बास्केटकडे जातो आणि जमिनीचा धक्का टाचेवर घेतो. म्हणजे बूट आधी त्याच्या चालीसाठी घडला. मग त्यावर नावं आली आणि ती शोभलीसुद्धा.

गोष्ट आकारात किंवा गादीतच उतरावी असंही नाही. स्टीफन मारबरी ब्रुकलिनच्या कोनी आयलंडमध्ये वाढला. महागडे बूट न परवडणाऱ्या घरांत काय होतं, हे त्याला माहीत होतं. २००६ मध्ये त्याच्या नावाचा स्टारबरी वन १४.९८ डॉलरला विकायला आला, आणि तोच बूट घालून तो एनबीएमध्ये खेळला. त्याचं आयुष्य बुटाच्या किमतीत उतरलं. एखाद्या डिझायनरने आयुष्याला दिलेला इतका थेट प्रतिसाद मी फारसा पाहिलेला नाही. साधं अपर (बुटाचा वरचा भाग), साधा मिडसोल (तळातला मधला थर), कमी भाग, कमी शिवण, हे सगळे निर्णय त्या एका आकड्यापासून मागे मागे घेतलेले असतात.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. एअर जॉर्डन २० च्या नाड्यांवरून जाणाऱ्या पट्ट्यावर मायकल जॉर्डनच्या आयुष्यातल्या कितीतरी खुणा लेझरने कोरलेल्या होत्या, ती चिकटवही नव्हती का? होती, आणि ती चालली. पण तो विसावा बूट होता. तोवर १९८५ पासून वीस वर्षांत प्रत्येक बुटाने जॉर्डनबद्दल एकेक गोष्ट सांगून ठेवली होती. शिवाय त्या सगळ्या खुणा एकाच पट्ट्यावर एकत्र बांधल्या होत्या, बाकीचा बूट मोकळा होता. पहिल्याच बुटात आत्मचरित्र लिहायचा अधिकार अजून कुणी कमावलेला नसतो. त्याच मालिकेतला १९८८ चा जॉर्डन ३ आठवा. डिझायनर टिंकर हॅटफिल्डने खेळाडूला काय हवंय ते विचारलं. जॉर्डनला उंची थोडी कमी हवी होती, चामडं मऊ हवं होतं, आणि बूट पेटीतून काढल्याबरोबर पायात बसायला हवा होता. उत्तरं साधी होती, पण मालिकेचा सूर तिथे लागला.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण तुमच्या तळावरच्या नकाशाशी तिचा थेट संबंध आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खेळाडूच्या आजोबांनी त्याला लिहिलेलं एक वाक्य, त्यांच्याच हस्ताक्षरात, मी आउटसोलच्या, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या तळाच्या, पुढच्या भागात घातलं. चवड्याखाली, बरोबर मध्ये. कल्पना त्या खेळाडूला इतकी आवडली की त्याचे डोळे भरून आले. चाचणीला बूट दिले, आणि खेळाडू दर दोन-तीन चढायांनंतर बुटाचा तळ हाताने पुसायला लागले. कारण अगदी सरळ होतं. हेरिंगबोनच्या नागमोडी कडा कोर्टला पकडतात आणि धूळ बाहेर ढकलतात. मी तिथे कडा काढून सपाट, गोलाईदार अक्षरं ठेवली होती. कडा कमी झाल्या, अक्षरांच्या पोटात धूळ साचू लागली, पकड गेली. मापं लहान-मोठी करताना आणखी एक अडचण आली. मोठ्या मापात जे अक्षर सुबक दिसत होतं, तेच लहान मापात इतकं बारीक झालं की रबरात ते नीट उठेना. शेवटी ते वाक्य कमानीखाली हलवलं, जिथे तळ जमिनीला जवळपास टेकतच नाही. ते तिथे टिकलं. खेळाडूच्या आईने नमुना हातात घेतला तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘बरं झालं, आता त्यांच्या अक्षरावर भार पडत नाही.’ हे मी तिला आधीच विचारायला हवं होतं. त्यानंतर घरच्या माणसांचं नाव किंवा अक्षर कुठे जाणार, हे मी त्यांना दाखवल्याशिवाय साच्याला पाठवत नाही.

मग गोष्ट शोधायची कुठे? ‘तुझी गोष्ट सांग’ असं मी कुणालाही म्हणत नाही. असं विचारलं की मुलाखतीत शंभरदा सांगून गुळगुळीत झालेलं उत्तर येतं, आणि त्यात बूट कुठेच नसतो. मी बुटांबद्दल विचारतो. पहिली जोडी कुणी घेतली, ती मोठी होती की लहान? आधी कोणता पाय घालतोस? हरल्यावर बूट कुठे काढतोस? नाडी कोण बांधायचं? मग त्यांच्या जुन्या जोड्या मागवतो आणि आतली गादी उपसून बघतो. अंगठ्याखालचा खड्डा किती खोल आहे, टाच कुठल्या बाजूला झिजली आहे, तळावर चवडा ओढत नेल्याची खूण कोणत्या पायाला आहे. दुखापतीतून परत आलेल्या खेळाडूच्या दोन बुटांची झीज पुष्कळदा सारखी नसते. ती झीज म्हणजे त्याने कुणालाही न सांगितलेली गोष्ट असते.

त्यांनी बुटावर स्वतःहून काही लिहिलंय का, तेही बघा. एनबीएतला स्टेफ करी डेव्हिडसन कॉलेजात असताना आपल्या बुटांवर ‘मी सर्व काही करू शकतो’ अशा अर्थाचे, बायबलमधल्या आवडत्या वचनातले शब्द स्वतःच्या हाताने लिहायचा. पुढे त्याच्या नावाच्या बुटांवर त्या वचनाचा उल्लेख आला, तेव्हा तो खोटा वाटला नाही. डिझायनर येण्याआधीच ती खूण तिथे होती.

इथवरचं थोडक्यात: आधी करडा बूट, मग खुणा. खूण घालायचीच तर ज्या जागी ती घडली त्या जागी, बुटाच्या स्वतःच्या भाषेत. आणि चवड्याखालची पकड कुठल्याही आठवणीसाठी द्यायची नाही.

आता तुमच्या खेळाडूकडे येतो. तुमच्या प्रश्नात मधेच एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात. वडील गाडीत तिच्या नाड्या बांधायचे, घोट्याला काचू नये म्हणून सगळ्यात वरचं भोक सोडून द्यायचे, आणि ती आजही तसंच बांधते. ही ओळ वाचल्यावर मी थोडा वेळ थांबलो. तुमच्या साऱ्या खुणांपेक्षा ही एक ओळ मोठी आहे, कारण ती बुटातच घडलेली आहे आणि तिच्या हातांना रोज आठवते.

तिच्यावरून रचना बदलून बघा. ती वरचं भोक वापरत नाही, म्हणजे टाच वर सरकायची शक्यता वाढते. वरच्या नाडीचं एक मोठं काम टाचेला मागे खेचून धरायचं असतं. ते काम आता दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. कॉलरच्या आत, अकिलीसच्या दोन्ही बाजूंना दोन भरीव उशा द्या. हील काउंटर, म्हणजे टाचेमागचा कडक भाग, जरा ताठ करा. सहावं, म्हणजे वरून दुसरं भोक किंचित मागे, घोट्याच्या दिशेने न्या, म्हणजे शेवटची ओढ तिरकी जाऊन टाच खाली दाबेल. आणि सगळ्यात वरच्या, सातव्या भोकाच्या जागी भोक पाडूच नका. तिथे फक्त शिवणीचं एक लहान वर्तुळ ठेवा. कॉलर पुढून त्या जागी थोडी खाली उतरवा, म्हणजे काचायला काही उरणारच नाही. हा बूट करड्या रंगात ठेवला तरी तो तिचाच असेल. गाडीच्या नंबराची गरज मला तरी मग दिसत नाही.

गुडघ्याबाबत जपून राहा. बूट गुडघा वाचवतो असा दावा तुमच्या फलकावर कुठेही येऊ देऊ नका, ते खरं नाही. एसीएलची दुखापत बऱ्याचदा कुणाचा धक्का न लागता, अचानक थांबताना, वळताना किंवा उडी मारून उतरताना होते. तळ फार घट्ट चिकटला आणि वरचं शरीर फिरलं की ताण गुडघ्यावर जातो, एवढं डिझायनरने लक्षात ठेवायचं. म्हणून चवड्याखाली, ती जिथे गिरकी घेते तिथे, समकेंद्री वर्तुळांची नक्षी करून बघा. सरळ थांबताना ती पकडेल आणि फिरताना थोडी सोडेल. बाहेरच्या कडेला मात्र भरपूर कडा ठेवा. हे खरोखर जमलंय की नाही ते कागदावर कळत नाही. रबराचा नमुना कापून, तिच्या जुन्या बुटावर चिकटवून, कोर्टवर बघावं लागेल. आणि ते तिच्या फिजिओला विचारल्याशिवाय करू नका.

शस्त्रक्रियेच्या खुणेचं काय करायचं, ते तिने ठरवायचं. काही खेळाडूंना ती खूण अभिमानाची वाटते, काहींना तो दिवस पुन्हा पायात घालायचा नसतो. मी दोन्ही पाहिलंय, आणि आधी हो म्हणून नमुना पाहिल्यावर नको म्हणणारेही पाहिलेत. तिला हवी असेल तर फक्त डाव्या बुटावर द्या. डाव्या आणि उजव्या तळाचा साचा तसाही वेगळाच असतो, म्हणून एका पायावरच्या लहान खुणेने खर्च फारसा वाढत नाही. परीक्षक विचारतीलच, तेव्हा हे उत्तर तयार ठेवा.

आईचं वाक्य आतल्या गादीवर राहू द्या, पण टाचेच्या भागात, जिथे घासलं तरी छपाई चवड्याइतकी लवकर जात नाही. त्याहून चांगली जागा म्हणजे जिभेची आतली बाजू. बूट घालताना जीभ पुढे ओढली की ते तिला दिसेल, आणि नाडी बांधली की झाकलं जाईल. नकाशा काढा. वाघीण तिने निवडली की तुम्ही, हे मला कळलं नाही. तुम्ही निवडली असेल तर तीही काढा. रंग दोन ठेवा आणि तिसरा फक्त त्या शिवणीच्या वर्तुळाला द्या. पहाट होती, गाडी होती, वडील होते. त्या वेळी गाडीत कोणता दिवा लागलेला असायचा, तिच्या पायात कोणत्या रंगाची जोडी असायची, हे तिला विचारा आणि तिसरा रंग तिथून आणा.

तिला भेटाल तेव्हा चित्रं नेऊ नका, एक जुना बूट आणि नाडी न्या. ‘वडील कसे बांधायचे ते दाखव’ एवढंच म्हणा आणि तिच्या हातांचा व्हिडिओ घ्या. सातव्या भोकाशी तिची बोटं काय करतात ते नीट बघा. ती थांबतात, की तशीच पुढे जातात? सहावं भोक किती मागे न्यायचं हे मला त्यावरूनच सांगता येईल. व्हिडिओ आणि तिच्या पायाची मापं मिळाली की इथेच लिहा, पुढचं बघू.